दोन मिनिटं आधी काढलेला बन

माझं तोंड फाटकं आहे, हे आधीच सांगून टाकते. लाँड्रीत वीस वर्षं इस्त्री करतेय. गिऱ्हाइकानं कॉलरच्या घडीवरून एक शब्द काढला तर मी चार काढते, आणि मालकसुद्धा माझ्याशी बोलताना काउंटरच्या पलीकडे उभा राहून बोलतो. पण यावेळी मी तोंडानं भांडलेच नाही. यावेळी मी लिहिलं. शहाण्या बाईसारखं, फोनवर, त्यांनी आखून दिलेल्या चौकोनात. आणि त्या लिहिण्यानं मी माझ्या बापाच्या तोंडचा घास काढून घेतला.

अप्पांच्या अन्ननलिकेत गाठ झाली होती. पातळ दिलं की ठसका लागायचा, घट्ट दिलं की अडकायचं. नाकातून नळी घालून पाहिली, ती गाठीपाशीच अडली. डॉक्टर म्हणाले, गाठ काढता येईल, अजून वेळ गेलेली नाही, पण वजन पंचेचाळीस किलोच्या खाली असेल तर भूल देता येणार नाही, शरीराला झेपणार नाही. चार आठवड्यांनी सोमवारी वजन करायचं, पंचेचाळीस भरलं तर बुधवारी ऑपरेशन. त्या दिवशी अप्पा सेहेचाळीस किलो दोनशे ग्रॅम होते. म्हणजे जवळ होतं एक किलो दोनशे ग्रॅम, आणि तेवढ्यावर महिना काढायचा होता.

वजनाचं अप्पांना काही समजावून सांगावं लागलं नाही. अडतीस वर्षं त्यांनी गोदामात काट्यावर काढली. पोती, पेट्या, लोखंडी नळ्या, जे येईल ते तोलायचं आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. मी लहान असताना वाढदिवसाला मला उचलून घ्यायचे आणि माझं वजन सांगायचे. ते कधी चुकायचं नाही. डॉक्टरांनी पंचेचाळीस म्हटल्यावर त्यांनी आपलं मनगट दुसऱ्या हातात धरून बघितलं आणि मान हलवली.

त्याच दिवशी परतताना आम्ही चौकातल्या बेकरीत शिरलो, ते केवळ अप्पांचे पाय दुखायला लागले म्हणून. ती पूर्वेकडच्या देशांच्या पद्धतीची बेकरी, गावोगावी शाखा असलेली. आत गेलं की आपणच ट्रे आणि चिमटा उचलायचा, काचेच्या कप्प्यांतून हवे ते बन घ्यायचे. मग काउंटरवरची चष्मेवाली मुलगी प्रत्येक बन वेगळ्या पिशवीत घालणार, जणू एकमेकांशी त्यांचं पटत नाही. भट्टीतून नवा ट्रे निघाला की घंटी वाजते आणि दुकानातली सगळी कामाची माणसं एका सुरात म्हणतात, ताजे आले, या. पहिल्यांदा ते ऐकून मी दचकून चिमटाच खाली पाडला.

अप्पांनी दुधाचा बन उचलला. पांढरट, गुबगुबीत, आत लाल दाण्यांचं गोड सारण. भट्टीची खोली आणि दुकान यांच्यात मोठी काच आहे, तिच्याशेजारच्या टेबलावर ते बसले. बनचा वरचा पापुद्रा सोलून बाजूला ठेवला आणि आतला मऊ भाग चिमूटभर चिमूटभर तोंडात टाकला. मी पाण्याचा ग्लास हातात धरून ठसक्याची वाट बघत होते. ठसका आला नाही. सहा दिवसांनी माझ्या बापानं काहीतरी गिळलं, आणि मी त्या चकचकीत दुकानात तो ग्लास हातात धरून रडले.

मग रोजचं झालं. दुपारी लाँड्रीतून सुटले की अप्पांना घेऊन तिकडे जायचं. ते काचेजवळ बसायचे, सगळ्यांत खालच्या कप्प्याच्या उजव्या कोपऱ्यातला बन मागायचे, तिथलाच, दुसरीकडचा नको. म्हातारपणाचं खूळ, म्हटलं. दोन तिथे खायचे, दोन घरी न्यायचे. काचेपलीकडे भट्टीवाला असायचा, रुंद अंगाचा, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. अप्पा त्याच्याकडे बघून मान हलवायचे, तो यांच्याकडे बघून हलवायचा. दोन आठवड्यांत वजन शंभर ग्रॅमसुद्धा उतरलं नाही. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर मी रोज बघत होते.

आणि मग तो शनिवार. अप्पांना थकवा होता, म्हणून मी एकटीच जाऊन त्याच कोपऱ्यातले बन घेऊन आले. त्या दिवशी लाँड्रीत एका नवरदेवाच्या कोटावरून माझं वाजलं होतं, डोकं आधीच तापलेलं. घरी बन मोडला तर आतून चिकट, बोटाला लागून तार निघाली. मी तो बन तोवर कधी मोडलाच नव्हता, ते काम अप्पांचं. तेवढ्यात अप्पांना कशानं तरी जोरात ठसका लागला. झालं, डोक्यात तिडीक गेली. पावतीवर खाली लिहिलेलं असतं ना, आपला अनुभव कळवा. कळवला. पाचपैकी एक तारा दिला. लिहिलं की बन आतून कच्चा असतो, आजारी माणसाला तुम्ही कच्चं पीठ खायला घालता, याची चौकशी झाली पाहिजे. लाज वाटत नाही का, हेही लिहिलं होतं, ते खोडलं. त्या खोडण्याचंच मला केवढं कौतुक वाटलं.

दोन तासांत उत्तर आलं. आम्ही दिलगीर आहोत, तातडीनं लक्ष घालतो, आमच्याकडून सहा बन मोफत. दुसऱ्या दिवशी लाँड्रीत सगळ्यांना फोन दाखवत मिरवले. भांडायचं कसं ते शिका म्हटलं माझ्याकडून.

मंगळवारी बन बदलला होता. वरून खरपूस, आतून कोरडा. दिसायला उलट जास्त छान. अप्पांनी पहिला घास घेतला, तो छातीत अडकला. पाणी दिलं तर ते नाकातून आलं. बुधवारी अर्धा बन गेला, गुरुवारी पाव, शुक्रवारी त्यांनी बशी सरकवली आणि म्हणाले, राहू दे. बन पाण्यात बुडवून दिला, चमच्यानं चुरून दिला, मिक्सरमधून काढून दिला. बाहेरची दुसरी दुकानं पालथी घातली. काट्यावर पंचेचाळीस नऊशे, मग पंचेचाळीस चारशे. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते त्या काट्यावरचा आकडा थांबेपर्यंत कळायचं.

शेवटी मी बेकरीत जाऊन चष्मेवालीला गाठलं. पहिल्यासारखे बन का करत नाही, म्हणून आवाज चढवला. तिनं इकडे तिकडे बघितलं, मला थंड पेयांच्या कपाटामागे नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. भट्टीवाल्यानं काचेतून अप्पांना पापुद्रा सोलताना पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो एक लहान ट्रे वेळेच्या दोन मिनिटं आधी काढू लागला. त्या ट्रेसाठी घंटी वाजवायची नाही, ते चार बन खालच्या कप्प्यात उजव्या कोपऱ्यात ठेवायचे, हे दुकानातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मग कुणीतरी तक्रार केली. मुख्य कचेरीतून माणसं आली, भट्टीचं घड्याळ कुलूपबंद केलं, आणि भट्टीवाल्याला गावाबाहेरच्या कारखान्यात पाव पिशव्यांत भरायला पाठवलं.

कुणीतरी, म्हणाली ती. मी कपाटाला टेकून उभी राहिले. लाँड्रीत एक गिऱ्हाईक मला नेहमी म्हणायचं की शर्ट दमट देता, आणि मी त्याच्यावर खेकसायचे की दोन मिनिटं हवेवर टाक, सुरकुती पडणार नाही, वीस वर्षं काय झक मारतेय का मी. आणि मला, मला ते कळू नये.

घरी येऊन अप्पांपुढे बसले. विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू आभार मानायला गेली असतीस. चार लोकांत, मोठ्यानं."

मी सांगून टाकलं की तक्रार माझी होती. मग त्यांनी विचारलं की किती तारे दिलेस. एक, म्हटलं. त्यांना हसू आलं, हसता हसता ठसका लागला, आणि तो थांबेपर्यंत मी त्यांची पाठ चोळत राहिले. बरगड्या हाताला लागत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी केलेलं निस्तरायला लागले. मदतीच्या क्रमांकावर फोन केला, तर तक्रार मागे घेता येत नाही, नवीन पावतीवर नवीन अनुभव नोंदवा. मी नवीन पावत्या घेतल्या. पाच तारे दिले. लिहिलं की जुना बन उत्तम होता, भट्टीवाल्याची काही चूक नाही, चूक माझी आहे. उत्तर आलं, आपल्याला आमचे बन आवडले याचा आनंद आहे. मग मी स्वच्छ लिहिलं की मला बन कच्चाच हवा आहे. उत्तर आलं की कच्च्या बनबद्दल दिलगीर आहोत, असं पुन्हा होणार नाही, आणि आणखी सहा मोफत. घरात बारा कोरडे बन जमले आणि खाणारा एकच, तोही उपाशी.

रविवारी रात्रीपर्यंत आकडा पंचेचाळीसच्या खाली गेला होता. लाँड्रीत पडदे येतात, त्यांच्या तळाशी शिशाच्या लहान गोळ्या शिवलेल्या असतात, पडदा सरळ पडावा म्हणून. एका जुन्या पडद्याच्या मी उसवल्या आणि अप्पांच्या स्वेटरच्या काठात ओवल्या. लबाडी होती, हो. सोमवारी इस्पितळात अप्पा काट्यावर चढले आणि आकडा ठरायच्या आत खाली उतरले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सिस्टरना म्हणाले, स्वेटर जड आहे, काढूनच करा. सिस्टरनी स्वेटर हातात घेतला, काठ चाचपला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि तो खुर्चीवर ठेवून दिला. काट्यावर आकडा आला चव्वेचाळीस तीनशे.

मी डॉक्टरांचे पाय धरायच्या बेतात होते. त्यांनी आठ दिवस दिले. पुढचा सोमवार शेवटचा, म्हणाले, त्यानंतर गाठ थांबणार नाही आणि मग वजन भरलं तरी उपयोग नाही. बाहेर आल्यावर मी अप्पांवरच कडाडले. एवढं अडतीस वर्षांचं पावित्र्य घेऊन कुठे जायचंय, म्हटलं. अप्पा चालत राहिले. जिन्यापाशी थांबून म्हणाले, ताकद नसताना टेबलावर चढवलं असतंस तर मला मारलं असतंस, पोरी, आणि तुला ते आयुष्यभर टोचलं असतं.

मंगळवारी कामावर दांडी मारून मी कारखाना गाठला. दुपारच्या सुट्टीत फाटकातून माणसं बाहेर आली, त्यांत भट्टीवाला दिसला. जाळीची टोपी अजून डोक्यावरच होती. मी वाटेत जुळवलेलं सगळं भाषण विसरले आणि रस्त्यावर उभी राहून सांगितलं की ती तक्रार करणारी मीच. त्यानं डबा उघडला होता, तो बंद केला. मला वाटलं आता बोल लावेल, लावायलाच हवे होते. त्यानं विचारलं, "ते अजून काचेपाशी बसतात का?"

"नाही. चालवत नाही त्यांना. मी पार्सल नेते."

"मग भट्टीवर माझ्या जागी आलेल्या नव्या बाईला कसं दिसणार?"

मी म्हटलं, मी जाऊन सांगते तिला, हात जोडते, पाया पडते.

"तुम्ही काही सांगू नका," तो म्हणाला. "सांगितलं की तिला नाही म्हणावं लागेल. त्यांना नुसतं तिथे बसवा. घड्याळाला कुलूप आहे, पण भट्टीच्या दाराशेजारचा कोपरा थंड असतो, तिथलं कमी भाजतं, त्याला कुलूप घालता येत नाही. ते तिचं तिला सुचायला हवं."

निघताना त्यानं एवढंच म्हटलं की अप्पा सोललेले पापुद्रे रुमालात बांधून घरी न्यायचे, एकही टाकायचे नाहीत, ते भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला दिसतं. मग तो डबा न खाताच आत गेला.

बुधवारी शेजाऱ्यांकडची चाकांची खुर्ची मागून आणली आणि अप्पांना काचेजवळ नेऊन बसवलं. पलीकडे नवी भट्टीवाली, पन्नाशीची, ओठ घट्ट मिटलेली, कुणाकडे बघत नाही अशी. अप्पांनी कोरडा बन घेतला, पापुद्रा सोलला, चिमूट तोंडात टाकली. अडकली. ठसका इतका लागला की पलीकडच्या टेबलावरचं कुटुंब उठून दुसरीकडे बसलं. दुकानाचा व्यवस्थापक अदबीनं जवळ आला आणि आपला अनुभव कसा आहे, म्हणून विचारू लागला. माझ्या जिभेच्या टोकावर जे होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. काचेपलीकडे तिच्या पाठीकडे बघत मी म्हणाले, छान आहे. आयुष्यात इतकं जड वाक्य मी उचललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसल्या बसल्या भट्टीवालीनं काचेवरचा पडदा खाली ओढला. एकदाही न बघता. पडद्याच्या तळाशी तशाच शिशाच्या गोळ्या होत्या, काचेवर टकटक वाजल्या. मी उठले. आत घुसून तिला विचारणार होते की बाई, तुला बाप आहे की नाही. अप्पांनी माझं मनगट धरलं. त्या हातात काही जोर उरला नव्हता, सोडवून घेणं सोपं होतं. मी खाली बसले. तोंडात ओढणीचा बोळा धरून बसले, लोक बघत होते तरी. आपला बाप समोर उपाशी मरतोय आणि त्याला वाचवायचा उपाय एकच, गप्प बसणं, आणि नेमकं तेच मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

शुक्रवारी पडदा वर होता. अप्पांना खुर्चीत नीट बसताही येत नव्हतं, डोकं काचेला टेकलं होतं. भट्टीतून ट्रे निघाले, घंटी वाजली, सगळे एका सुरात ओरडले. मी चिमटा घेऊन नेहमीसारखी खालच्या कप्प्याशी वाकले. उजव्या कोपऱ्यात चार बन होते. फिकट. शेजारच्या सगळ्या बनांवर वेळेची चिठ्ठी होती, यांच्यावर नव्हती. मी वळून काचेकडे बघितलं. भट्टीवाली पाठमोरी, ट्रे पुसत होती.

आभार माझ्या गळ्यापर्यंत आले होते. गिळले. काउंटरवर चष्मेवालीनं बन पिशव्यांत घातले, पावती दिली, माझ्याकडे बघितलं नाही, मीही नाही. अप्पांनी पापुद्रा सोलला आणि रुमालावर ठेवला. आतली चिमूट बोटाला चिकटली, तार निघाली. तोंडात गेली. खाली उतरली. एक बन संपायला पाऊण तास लागला. त्यानंतर अप्पांनी एक चिमूट माझ्यापुढे धरली, घे म्हणाले, तू चव तरी कुठे बघितलीस. मी खाल्ली. कच्चीच होती, गोड, जिभेवर विरघळणारी, आणि मला पुढचं काही दिसेना.

शुक्रवार, शनिवार, रविवार. रोज चार, रविवारी पाच, कारण कोपऱ्यात पाच होते. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर मी गेले नाही. धीर झाला नाही.

सोमवारी तीच सिस्टर होती. अप्पा काट्यापाशी थांबून स्वेटर काढायला लागले, बोटं बटणांवरून घसरत होती. सिस्टर पुढे आली. तिनं स्वेटरचा काठ दोन बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. काठात काही नव्हतं. मग ती म्हणाली, "राहू द्या अंगावर, आज गार आहे."

अप्पा चढले. आकडा हलला, हलला, पंचेचाळीस शंभरवर थांबला.

अप्पांनी गोदामातल्यासारखं मोठ्यानं सांगितलं, "स्वेटर दोनशे चाळीस ग्रॅमचा आहे."

खोलीत डॉक्टर नव्हते. सिस्टर कागदावर वाकली होती. दोनशे चाळीस वजा केले की किती उरतात, ते मला येतं आणि तिलाही येत असणार. तिनं वर न बघता लिहिलं, पंचेचाळीस, आणि बुधवारी सकाळी सातला उपाशीपोटी यायला सांगितलं. मी तिच्यासमोर उभी होते. माझ्या ओठांपर्यंत किती काय काय आलं. मी अप्पांचं वरचं बटण लावलं आणि दार उघडून धरलं.

खाली उतरेपर्यंत फोन वाजला. इस्पितळाचा संदेश होता, आमच्याकडचा आपला अनुभव कळवा, खाली पाच तारे, रिकामे. अप्पांनी खुर्चीतून हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी तो बंद केला, स्वेटरच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "चल लवकर, बन संपतील."